दुखावलेल्यांचं रजिस्टर

बडे गुरुजींकडे कोणी तणतणत आलं की ते आधी त्याला पाणी देत, मग दौत आणि टाक देत, आणि मग एक लांबलचक रजिस्टर त्याच्यापुढे सरकवत. "बसा. कुठी दुखून राह्यलं ते लिहा," एवढं बोलून स्वतः खिडकीतून निंबाच्या झाडाकडे पाहत बसत.

हेडमास्तरांना त्या भागात बडे गुरुजी म्हणायची रीत होती. आमची शाळा जनपदाची, म्हणजे तिकडच्या लोकल बोर्डाची, चौथीपर्यंतची, आणि मास्तर सारे मिळून तीन. बडं म्हणावं असं तिथे काही नव्हतं. खुद्द गुरुजी माझ्या खांद्याला लागत. काळी टोपी, मनगटाच्या चार बोटं वर संपणारा कोट आणि कानावर खडू. हा खडू घरी जातानाही कानावरच असे, त्यामुळे त्यांच्या उशीवर कायम पांढरा डाग असतो असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगत.

रजिस्टरात लाल शाईनं आखलेले पाच रकाने होते. पहिल्यात नाव. दुसऱ्यात 'भावना कोणाची: स्वतःची की गावाची'. तिसऱ्यात 'कशानं दुखली', चौथ्यात 'केव्हापासून' आणि पाचव्यात 'काय केल्यास थांबेल'. येणारा माणूस झोकात दुसऱ्या रकान्यात 'गावाची' असं लिही. गुरुजी तेवढ्यावर मान वळवून विचारत, "गावानं तुमाले कवा सांगतलं? सोमवारी का मंगळवारी?" मग तो खोडून 'स्वतःची' असं करी. तरी खरी गंमत पाचव्या रकान्याची होती. तिथवर आल्यावर भलेभले टाक दौतीत बुडवत बसत. दुखतंय हे सगळ्यांना ठाऊक असे, पण काय केलं म्हणजे थांबेल याचा विचार घरून कोणी करून आलेलं नसे. अर्धेअधिक लोक तिथेच टाक ठेवून, "पाहू मंग," म्हणत उठून जात.

मी या शाळेत मास्तर म्हणून यायच्या आधी एकदा मारुतीच्या देवळाचे पुजारी आणि दर्ग्याची देखभाल करणारे पिंजारी चाचा एकाच दिवशी आले होते. दर्ग्याचं हिरवं निशाण देवळाच्या भगव्यापेक्षा उंच झालं म्हणून एकाचं दुखत होतं, आणि ते उतरवा म्हणतात म्हणून दुसऱ्याचं. गुरुजींनी दोघांची नोंद घेतली आणि म्हणाले, "उंच आहे याले पुरावा काय?" मग चौथीचा अख्खा वर्ग दोरी आणि काठी घेऊन बाहेर काढला. सावलीवरून उंची काढायचं गणित तीन दिवस चाललं. पुजारी आणि चाचा भर उन्हात दोरीची टोकं धरून उभे. शेवटी निघालं काय, तर दोन्ही निशाणांच्या काठ्या सारख्याच, पण देऊळ सखल जागेत असल्यामुळे चार बोटांचा फरक पडतो. "जमीन कोन खालीवर केली, त्याचं नाव सांगा, त्याले बोलावतो," गुरुजी म्हणाले. तोवर तीन दिवस एकाच दोरीला धरून उभं राहिल्यामुळे त्या दोघांची चांगली गट्टी झाली होती. ते दोघं चाचांच्या घरी चहाला गेले. चौथीच्या पोरांना मात्र त्रैराशिक कायमचं पाठ झालं.

काकूंचीही एक नोंद त्या रजिस्टरात मी स्वतः पाहिली आहे. 'भावना: स्वतःची. कशानं दुखली: नणंदेच्या पुरणपोळीस माझ्यापेक्षा चांगली म्हटले. काय केल्यास थांबेल: पुन्हा म्हणू नये. म्हणायचेच असल्यास मी घरात नसताना म्हणावे.' खाली गुरुजींच्या हातचं 'मान्य', तारीख आणि सही.

मी तिथे मास्तर म्हणून गेलो तेव्हा नागपूरच्या दीक्षेला वर्ष व्हायचं होतं. आदल्या दसऱ्याला मी आईबरोबर त्या अफाट गर्दीत उभा होतो. जाताना आम्ही महार होतो, येताना बौद्ध होऊन आलो. माझं घर वर्ध्याला लागून, सिंदी मेघेला. बाप कापसाच्या जिनात कामाला. घरात शिकून नोकरीला लागलेला मी पहिलाच, त्यामुळे माझी नेमणुकीची ऑर्डर आईनं पिठाच्या डब्यात ठेवली होती, चोर आले तरी सापडू नये म्हणून. नोकरी अजून टेंपरवारी होती. पहिलं वर्ष नीट पार पडलं तर पक्की होणार होती.

तळेगावच्या मोटरनं फाट्यावर उतरून दोन कोस चालायचं होतं. गुरुजी फाट्यापर्यंत घ्यायला आले होते. त्यांनी मला जातही विचारली नाही आणि गावही. विचारलं काय, तर, "पोहता येते काय, मास्तर? मधात नाला आहे." येतं म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. आधीच्या मास्तरांना येत नव्हतं आणि ते दर पावसाळ्यात रजेचा अर्ज करत. संध्याकाळी त्यांनी माझं अक्षर पाहिलं. फळ्यावर एक ओळ लिहायला लावली, मागे सरून पाहिली, पुढे येऊन पाहिली आणि काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी चारही वर्गांचे फळे मीच लिहायचे असा लेखी हुकूम निघाला.

आमचं छान जमलं. शाळेचं घड्याळ दहा मिनिटं मागे पडे आणि गुरुजी ते कधीच पुढे करत नसत. मोटर दहा मिनिटं आधी येते असं ते म्हणत, आणि तसं लिहून द्या म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागत. मी त्यांना खूप हसे. त्यांना ते आवडे.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी ते माझ्या वर्गात आले, रंगीत खडूंची नवीकोरी पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "यंदा सरस्वती तुमी काढायची, मास्तर."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत पाटीपूजन असे. पोरं आपापल्या पाटीवर एकाचे आकडे ओळीनं जोडून सरस्वती काढत. मधोमध शाळेची मोठी पाटी मांडली जाई, तिच्यावर एक मास्तर सरस्वती काढी आणि पूजा करी. मग गूळ-खोबऱ्याचा प्रसाद वाटत.

"गुरुजी, मी नाही काढणार," मी म्हणालो.

"काऊन?"

मी सांगितलं. नागपूरला हात वर करून जे बोललो होतो त्यात देवदेवतांची पूजा करणार नाही असं होतं. ते मी मनापासून बोललो होतो. तुमचा, शाळेचा, पाटीचा मान ठेवतो, पण पूजेला हात लावणार नाही.

गुरुजींनी कानावरचा खडू काढून पुन्हा कानावर ठेवला. मग म्हणाले, "लिहून द्या." मी लिहून दिलं. त्यांनी तो कागद तीनदा वाचला, रजिस्टरात न ठेवता कोटाच्या खिशात घातला आणि खडूंची पेटी उचलून निघून गेले.

त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे लिहीत होते. एकाच टेबलाच्या दोन टोकांना आम्ही बसत असू आणि मधून चिठ्ठ्या जात. 'दुसरीची हजेरी पाठवावी.' मी लिही, 'सोबत पाठवली आहे.' 'पोच मिळाली.' चौथ्या दिवशी चिठ्ठी आली, 'काकूंनी तुमच्यासाठी ठेचा दिला आहे. तिखट आहे. स्वीकारावा अगर कसे ते कळवावे.' मी स्वीकारला. तरी अबोला सुटला नाही. माझ्यावर एवढं काय रागवावं हे मला कळेना, आणि खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटत होतं. असा माणूस मला पुन्हा कुठे भेटणार होता?

पाचव्या दिवशी मालगुजार आले. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करायचा पिढीजात हक्क, कायद्यानं जाऊन काही वर्षं झाली होती, पण गावाच्या तोंडातून ती गेली नव्हती. ते शाळा कमिटीचे अध्यक्ष. अलीकडे खादी घालू लागले होते. त्यांच्याबरोबर किराणा दुकानाचे शेटजी होते. दर वर्षी पूजेचा गूळ आणि खोबरं त्यांच्या दुकानातून येई.

"डिप्टीसाहेब येऊन राह्यले पाटीपूजनाले," मालगुजारांनी सुरुवात केली. शाळा तपासणाऱ्या साहेबांना सगळे डिप्टीसाहेब म्हणत. "म्या त्यायले शब्द देला. आमच्या गावात शिवाशिव नाई, आमचे नवे मास्तरच पूजा मांडतात. अन् आता हे नाई म्हनतात. सरस्वतीचा अपमान आहे हा. साऱ्या गावाच्या भावना दुखावल्या. यायची नोकरी अजून टेंपरवारी आहे, गुरुजी. जनपदात एक कागद टाकला तं दिवाळी घरीच करतीन."

पिठाच्या डब्यातली ऑर्डर डोळ्यांपुढे आली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाणी दिलं, दौत दिली, टाक दिला, रजिस्टर उघडलं आणि मध्येच थांबले.

"नवी नोंद घेता येत नाई, मालगुजार. तुमची एक जुनी भावना अजून दुखूनच राह्यली. ती बंद झाल्याबिगर दुसरी घ्यायची नाई, असा नियम आहे."

"कोन्ती जुनी?"

गुरुजींनी अगदी पहिलं पान काढलं आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचलं. "भावना: गावाची. कशानं दुखली: पाटीपूजनाचे दिवशी महारपुऱ्यातील मुलीने पूजेच्या पाटीस हात लावला. काय केल्यास थांबेल: पाटी धुऊन घ्यावी, व यापुढे त्या लोकांपैकी कोणीही पूजेच्या पाटीस हात लावू नये." मग चष्म्यावरून पाहिलं. "खाली तुमची सही. नऊ वर्स झाले. पाटी धुतली, तेवढं झालं. 'यापुढे हात लावू नये', हे चालूच आहे. अन् हे मास्तर म्हनतात, मी हात लावत नाई. तुमच्याच सांगन्यापरमानं वागून राह्यले. मंग यायच्यावर कागद कायचा टाकायचा?"

मालगुजारांचे कान लाल झाले. "तो जमाना निराळा होता, गुरुजी."

"जमान्याची सही नाई याच्यावर. तुमची आहे."

"खोडून टाका मंग ते."

"म्या काऊन खोडू? ज्याचं दुखनं त्यानं खोडाव."

मालगुजारांनी टाक उचलला, त्या सगळ्या नोंदीवर एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी सही ठोकली. गुरुजींनी त्यावर टीपकागद दाबला, फुंकर मारली आणि नवं पान पुढे केलं. "आता लिहा."

मालगुजार भराभर लिहू लागले. पाचव्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'नव्या मास्तरांनी स्वतःचे हाताने पाटी पुजावी व प्रसाद वाटावा.' शेटजी इतका वेळ गप्प होते. त्यांनी चष्मा लावला, वाकून ते वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे यायनं हात लावावा म्हनता तुमी?"

"हो मंग."

"अन् माह्या दुकानातला गूळ यायच्या हातून वाटायचा?"

"आता शिवाशिव राह्यली नाई, शेटजी."

"तुमची राह्यली नसन. मले कोन विचारलं? म्या तं समजलो, आपन यायले इथून हटवाले आलो."

"हळू बोला ना जी," मालगुजार म्हणाले.

गुरुजींचा आवाज एकदम मधाळ झाला. "शेटजी, तुमाले वेगळी ओळ आखून देऊ काय? मालगुजारायची भावना मास्तर हात लावत नाई म्हनून दुखते, तुमची लावला तं दुखन. दोनी खाली-वर लिहून ठेवू. परवा डिप्टीसाहेब आले की त्यायच्यापुढेच ठेवतो रजिस्टर. कोन्तं औषध द्यायचं ते त्यायनंच सांगाव."

डिप्टीसाहेबांचं नाव निघताच मालगुजारांनी टाक खाली ठेवला. अजून सही व्हायची होती. "राहू द्या," ते म्हणाले. "एवढं काई दुखून नाई राह्यलं." शेटजी म्हणाले, माझं दुखून राह्यलं. मालगुजार म्हणाले, घरी चला. दोघं भांडत भांडत निंबाखालून गेले आणि वळणापर्यंत त्यांचा आवाज येत राहिला. जुनी बंदी मालगुजारांनी स्वतःच्या हातानं खोडली होती आणि नवी सक्ती बिनसहीची राहिली होती. माझी नोकरी वाचली.

मी हसायला लागलो. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं हसू बाहेर आलं. गुरुजी हसले नाहीत.

"हासू नका, मास्तर," ते म्हणाले. पाच दिवसांत माझ्याशी तोंडानं बोललेलं हे पहिलं वाक्य. "ती पाटी म्या धुतली होती. माह्या हातानं."

मग त्यांनी सांगितलं. पहिलीतली पोट्टी होती. पूजा चाललेली पाहून झेंडूचं फूल घेऊन धावत आली आणि तिनं ते पाटीवर ठेवलं. तिच्या डोळ्यांदेखत गुरुजींनी पाटी उचलून विहिरीवर नेली आणि धुतली. दुसऱ्या दिवशीपासून ती शाळेत आली नाही. "अन् म्या बोलवाले गेलो नाई. घर ठाऊक होतं, तरी नाई गेलो." त्याच आठवड्यात त्यांनी ते रजिस्टर आखलं होतं.

"तवापासून मनात एकच होतं. तशा मोहल्ल्यातलं कोनी शिकून मास्तर होऊन येईन, अन् त्याच्याच हातून म्या सरस्वती काढून घेईन. साऱ्या गावापुढे. नऊ वर्स वाट पायली. खडू बी नवे आनले. तुमी आले, पन नाई म्हनत आले." त्यांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला. "तुमचं चुकलं असं नाई. तुमी तुमच्या जागी बराबर आहा. मले वाईट वाटलं, एवढंच."

"मग रजिस्टरात का नाही लिहिलं, गुरुजी?"

"लिहिलं होतं पेन्सिलनं. पाचव्या रकान्यात काय लिहाव ते सुचलं नाई. पुसून टाकलं."

एक वेळ वाटलं, घ्यावा खडू आणि या म्हाताऱ्यासाठी म्हणून काढून द्यावी ती सरस्वती. कोणाला काय कळणार होतं? पण मला स्वतःला कळलं असतं. मी म्हणालो, "गुरुजी, नऊ वर्षांपूर्वी मला कोणी बोलावलं असतं तर मी नाचत आलो असतो."

"तेच तं," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी मला हजेरी मागितली. तोंडानं मागितली.

पाटीपूजनाच्या दिवशी सकाळी मी बाहेर निंबाच्या पारावर बसलो. माझ्याबरोबर बौद्ध मोहल्ल्यातली सात-आठ पोरं होती. त्यांच्या आईबापांनीही पूजेला बसायचं नाही असं सांगून पाठवलं होतं. सगळ्यांना धुतलेले कपडे घातले होते. खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. दुसऱ्या कोणाला हात लावू न देता गुरुजींनी सरस्वती स्वतः काढली, आणि ती भयंकर झाली होती. एकाचे आकडे एकमेकांवर रेलले होते, मोराची मान बदकासारखी झाली होती. पोरं खिदळायला लागली तेव्हा मी त्यांना दटावलं आणि स्वतः तोंड फिरवून हसलो. डिप्टीसाहेब खुर्चीवर, शेजारी मालगुजार, त्यांच्या मागे शेटजी. शेटजींनी गूळ-खोबऱ्याचं पितळी ताट गुरुजींच्या हाती दिलं.

नैवेद्याच्या बाबतीत गुरुजी फार कडक होते. काकू सांगत, की देवाला दाखवायच्या आधी त्यांच्या घरी कोणी पदार्थाचा वाससुद्धा घ्यायचा नाही. एकदा त्यांनी बासुंदीचं अख्खं पातेलं गाईला घातलं होतं, भाच्यानं त्यात आधी बोट घातलं म्हणून.

ताट देवीपुढे ठेवायला ते वाकले आणि मध्येच थांबले. मग ताट हातात तसंच घेऊन सगळ्यांमधून वाट काढत दाराबाहेर आले आणि पारापाशी येऊन उभे राहिले.

"घ्या, मास्तर."

"गुरुजी, आम्ही प्रसाद घेत नाही."

"परसाद कुठी आहे? पूजा अजून झाली नाई. निस्तं गूळ-खोबरं आहे हे."

आतून शेटजींचा आवाज आला, "गुरुजी, नैवेद्य उष्टा होते ना जी."

"होऊ द्या," गुरुजी म्हणाले.

मी लहानपणी देवळाबाहेर उभा राहत असे, लांब, वाटेच्या पलीकडे. सगळ्यांचं झालं की पुजारी उरलंसुरलं घेऊन येई आणि हात वर धरून माझ्या पसरलेल्या धोतराच्या तुकड्यात टाकी. कधी नेम चुके आणि मातीतून वेचून घ्यावं लागे.

गुरुजींनी माझ्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि त्यावर गुळाचा खडा दाबून बसवला. मग एकेका पोराच्या हातावर तसंच ठेवलं. सगळ्यांना पुरलं का हे पाहिलं आणि आत जाऊन बाकीचं ताट देवीपुढे ठेवलं. त्या वर्षी आमचं झाल्यावर उरलेलं सरस्वतीला मिळालं.